तुम्ही विचारलंत म्हणून : बॉम्ब, प्रार्थना आणि लग्न

“तू या चर्चवाल्यांच्या कादंबऱ्या कशाला गं वाचतेस?” हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मराठी मंडळातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा त्यात थोडी काळजी असते. सातारच्या मावशीला तर सरळ संशयच येतो. ऑफिसातल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या सहकारी विचारतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हलकी आशा दिसते. संशय आणि आशा, दोन्ही फोल आहेत. मी आहे तिथेच आहे. पण ही पुस्तकं वाचते, आवडीने वाचते, आणि त्याचं कारण पॉटलकच्या (ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाच्या) रांगेत ताट धरून सांगण्यासारखं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ख्रिस्ती रोमँटिक सस्पेन्स म्हणून एक मोठा, चांगला खपणारा कादंबरीप्रकार आहे. खून, अपहरण, जाळपोळ, साक्षीदाराच्या मागावर असलेला मारेकरी. त्यांना तोंड देणारे एफबीआयचे लोक, मार्शल (साक्षीदारांचंही रक्षण करणारे केंद्र सरकारचे पोलीस), अग्निशमन दलातले जवान. त्यांच्यातल्या कुणा दोघांचं जुळणं. आणि या सगळ्यात देव. शिव्या नाहीत, शेजघर नाही. मी राहते तो शिकागोच्या पश्चिमेचा भाग तर या मंडळींचा बालेकिल्लाच. प्रसिद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशक बिली ग्रॅहम शिकले ते व्हीटन कॉलेज इथलं, आणि शेजारच्या कॅरोल स्ट्रीममध्ये टिंडेल ही ख्रिस्ती पुस्तकांची मोठी प्रकाशनसंस्था. त्यामुळे लायब्ररीत रहस्यकथा शोधणारीच्या हाताला ही पुस्तकं लागणारच. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्यावर पोसलेली मी, कव्हरवर धावणारी बाई आणि मागे पेटलेली इमारत दिसली की पुस्तक उचलतेच.

लोकांना वाटतं, मारामारी आणि प्रेम ही वरची साखर आणि आत देवाची गोळी. तसं असतं तर मी साखर चघळून गोळी थुंकली असती. फसलेल्या पुस्तकांत तसं असतंही, त्यांच्याकडे येतेच. पण जमलेल्या पुस्तकात मारामारी, प्रेम आणि देव या तिन्हींच्या बुडाशी एकच प्रश्न असतो: भरवसा कुणावर टाकायचा?

बघा ना. एका बाईने खून होताना पाहिलाय. दोन तासांपूर्वी भेटलेला मार्शल तिला सांगतो, खिडकीजवळ जाऊ नकोस, फोन दे इकडे, कुठे आहेस ते आईलाही कळवू नकोस. ऐकायचं की नाही? ऐकलं तर जीव वाचेल, किंवा त्याच्यामुळेच जाईल. तो माणूस आवडायला लागला की तोच प्रश्न पुन्हा येतो, या वेळी जिवाऐवजी मनाचा. आणि रात्री अनोळखी घरात झोप लागत नाही तेव्हा तिसऱ्यांदा येतो. आता ज्याच्यावर हवाला ठेवायचा तो दिसतही नाही, बोलतही नाही. एरवीच्या थ्रिलरमधून प्रेमप्रकरण कापून टाकलं तर कथेचं फारसं बिघडत नाही. इथे एक धागा काढला की बाकीचे दोन सुटतात.

या प्रकारात माझं आवडतं उदाहरण म्हणजे डी हेंडरसन यांची ओ’मॅली मालिका. अनाथ मुलांच्या संस्थेत वाढलेली सात जणं एकमेकांनाच भावंडं मानतात, एकच आडनाव घेतात. मोठेपणी कुणी मार्शल, कुणी अग्निशामक, कुणी न्यायवैद्यक तज्ज्ञ, कुणी डॉक्टर. रक्ताचं नातं एकाचंही नाही, पण रात्री दोन वाजता फोन केला तर बाकीचे सहा हजर. एकत्र कुटुंबातून आलेल्या मराठी बाईला यात काय आवडलं ते वेगळं सांगायला नको. २००० साली आलेल्या ‘द निगोशिएटर’मध्ये केट ओ’मॅली ओलिसांच्या सुटकेसाठी बोलणी करणारी पोलीस अधिकारी आहे. बँकेत एक माणूस बॉम्ब घेऊन बसलाय, ओलिसांत डेव्ह रिचमन हा एफबीआयचा माणूस अडकलाय, आणि केट शांतपणे चालत आत जाते. पुढे दोघांचं जुळतं आणि तिथेच अडतं. डेव्ह श्रद्धावान ख्रिस्ती आहे, केट नाही.

ही अडचण मला फार महत्त्वाची वाटते. आजच्या अमेरिकेत दोन सज्ञान, कमावत्या माणसांना लग्न करायचं असेल तर अडवतं कोण? प्रेमकथा लिहिणाऱ्यांची खरी पंचाईत तीच. मग गैरसमज रचावे लागतात, जुनी प्रेयसी आणावी लागते. आपल्याकडच्या लेखकांना ही चिंता कधीच नव्हती. जात, पत्रिका, हुंडा, सगळं तयार. ख्रिस्ती कादंबरीकाराकडे बायबलमधलं, संत पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र आहे, ज्यात विश्वास नसलेल्याशी जोड जुळवू नये असं सांगितलंय. म्हणजे नायकाला नायिका हवीय, तिलाही तो हवाय, घरचे कुणी आड येत नाहीत, आणि तरीही तो स्वतःहून थांबतो. मला तो नियम पटतो का? अजिबात नाही. मी त्या नियमाच्या चुकीच्या बाजूला उभी आहे हेही मला कळतं. पण कथेला त्यातून जो पीळ बसतो तो खरा असतो, कारण अडवणारा माणूसच प्रेम करणारा असतो.

शेजघराचं दार बंद असण्याचाही फायदा होतो. शारीरिक जवळीक वर्ज्य म्हटल्यावर प्रेम दुसरीकडून दाखवावं लागतं: दवाखान्याच्या पॅसेजमध्ये रात्रभर बसून राहणं, पहाऱ्यावरच्या गाडीत कॉफी आणून देणं, जखमेवरचं बँडेज बदलणं. इतकं झाल्यावर दोनशेव्या पानावर नुसता हात धरला तरी वाचणारीला घाम फुटतो.

भीतीबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. नेहमीच्या थ्रिलरमधला नायक घाबरत नाही. घाबरला तर जबडा आवळतो आणि पुढचा दरवाजा लाथेने उघडतो. या पुस्तकांतला पोलीस जिना चढताना मनातल्या मनात म्हणत असतो, देवा, हात थरथरू देऊ नकोस, आणि मी वर पोचण्याआधी कुणी मेलेलं असू देऊ नकोस. एक धट्टाकट्टा, बंदूक घेतलेला पुरुष अशी विनवणी करतोय, आणि समोरून उत्तर नाही. त्या शांततेतला ताण जिन्यावरच्या मारेकऱ्यापेक्षा जास्त असतो. अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल? आपली जनाबाई विठोबाला शिव्या घालते, तुकोबा त्याच्याशी भांडतात. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मी पुलाच्या अलीकडेच आहे, पण पलीकडचं बोलणं ऐकू येतं आणि कळतंही. (एक गंमत: या पुस्तकांत ‘ओ माय गॉड’ असं कुणी उगाच म्हणत नाही, कारण देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा. आपल्याकडे ‘अरे देवा’ म्हणायला दूध उतू गेलेलं पुरतं.)

आता फसलेल्या पुस्तकांबद्दल. प्रेमकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्लेक्विन प्रकाशनाने २००५मध्ये या प्रकाराची वेगळी मालिकाच सुरू केली, दर महिन्याला नवी पुस्तकं. त्यांतली बरीचशी वेळापत्रकावर चालतात. पहिल्या पानावर हल्ला, तिसऱ्या प्रकरणात जुना प्रियकर पोलीस होऊन हजर, आणि शेवटाकडे नायिकेची सुटका आणि तिचा विश्वास एकाच प्रकरणात. गोळी चुकली म्हणून देव आहे, असा हिशेब मांडला की माझं डोकं फिरतं. मग ज्याला गोळी लागली त्याचं काय? उपदेश कथेवर स्वार होण्याची खोड काही अमेरिकन नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची १८५७ची ‘यमुनापर्यटन’ एका ख्रिस्ती लेखकाचीच, आणि विधवांचे हाल सांगणारे तिचे प्रसंग आजही टोचतात; लेखक प्रवचनाला बसला की मात्र पानं उलटावीशी वाटतात.

बंदुकीचंही मला कोडं आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, आणि इथे नायक प्रार्थना संपवून पिस्तुलाचा सेफ्टी कॅच काढतो. शत्रूवर प्रेम करायचं की त्याला गोळी घालायची, हा प्रश्न या प्रकाराला हमखास पडायला हवा. पडतो फार थोड्यांना.

आणि एक फांदी मी सोडूनच दिली आहे. फ्रँक पेरेट्टी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ १९८६मध्ये आली आणि पुढे प्रचंड खपली. छोट्या गावावर देवदूत आणि सैतानी शक्तींचं युद्ध. वेग जबरदस्त. पण त्यात पूर्वेकडचं ध्यान आणि ‘न्यू एज’ म्हणजे पाश्चात्त्यांतला नव्या वळणाचा अध्यात्मविचार हाच सैतानाचा दरवाजा. सकाळी पद्मासनात बसणाऱ्या बाईने रात्री ते वाचून टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा जरा जास्तच झाली. प्रत्येक संकट सैतानाचंच म्हटलं की माणसांनी निवडायचं काही उरत नाही, ही माझी दुसरी तक्रार.

म्हणून मी पुन्हा ओ’मॅलींकडे वळते. सातांतली सगळ्यांत धाकटी, जेनिफर, मुलांची डॉक्टर. तीच आधी श्रद्धेकडे वळते, आणि पहिल्याच पुस्तकात कळतं की तिला कॅन्सर आहे. पुढच्या पुस्तकांत भावंडं एकेक करून तिच्या वाटेने येतात, तिच्यासाठी प्रार्थना करतात. ती बरी होत नाही. २००३च्या ‘द रेस्क्युअर’मध्ये तिचा भाऊ स्टीफन, पेशाने पॅरामेडिक, आयुष्यभर दुसऱ्यांना वाचवत आलेला, बहिणीच्या जाण्यापासून आणि देवापासून दूर पळत सुटलाय. प्रार्थना फळली नाही हे लपवायला लेखिकेने कुठेही चमत्कार आणलेला नाही, उलट पुढचं अख्खं पुस्तक त्या न फळण्यावर उभं केलंय.

तेव्हा वाचायचीच असतील तर क्रमाने वाचा. स्टीफनचं पुस्तक आधी उचललंत तर जेनिफर तुम्हाला फक्त गेलेली बहीण म्हणून भेटेल, आणि तिच्यासाठी पाच पुस्तकं जीव मुठीत धरून बसणं हातचं जाईल.