खडीचा रस्ता मोटारीपुढे का टिकला नाही

जुने खडीचे रस्ते उखडले की बोल लावतात मोटारीच्या वजनाला. खरा घोळ खडीला सांधून धरणाऱ्या दगडाच्या भुकटीचा होता.

१८१६ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलचे रस्ते जॉन मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराच्या हाती आले. भार पेलते ती कोरडी जमीन, खडी म्हणजे तिच्यावरचं छप्पर, असं तो मानायचा. म्हणून पाणी कडेला वाहून जायला ३० फूट रुंदीला मध्ये ३ इंचांचा उंचवटा आणि ६ औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून, जड दगडाला मज्जाव. मोठा धोंडा चाकाखाली डुगडुगतो आणि शेजारच्या खडीलाही सैल करतो.

पुढे रोलर आला. खडी पसरून आधी कोरडीच दाबायची, कडेकडून मध्याकडे, रोलरपुढे दगड हलेनासा होईपर्यंत. मगच बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, थोडी थोडी टाकून झाडूने फटींत सारायची, पाणी मारायचं, पुन्हा रोलर. घाईने कच आधी टाकली की दगड एकमेकांत अडकतच नाहीत, कचेवर तरंगतात. पाणी जास्त झालं तर खालची मातीच नरम पडते.

घोडागाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडी घासून नवी भुकटी पाडायची आणि पावसाने ती फटींत बसायची. झिजतानाच रस्ता स्वतःला सांधत होता! रबरी टायर भुकटी पाडत नाही, असलेली तेवढी उपसून वाऱ्यावर देतो. त्यात इंजिनाने फिरणारं चाक दगडाला मागे ढकलतं. सांधा गेला की खडी सुटी होते, पहिल्यांदा वळणांवर आणि चढांवर.

१९०२ मध्ये डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी मोनाकोत रस्त्याला डांबर फासलं, ते मुळात धुळीवर उपाय म्हणून. इंग्लंडात एडगर हूली यांनी त्याच वर्षी डांबर आधीच कालवलेल्या खडीचं पेटंट घेतलं. ही दुसरी वाट जास्त भरवशाची, कारण डांबर प्रत्येक दगडाला लागतं, नुसत्या माथ्याला नाही.

वरून फासायचं तर दगडांची डोकी उघडी पडेपर्यंत झाडलोट हवी आणि रस्ता पूर्ण सुका. धुळीवर ओतलेलं डांबर धुळीलाच चिकटतं, पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. डांबर गरम, थर पातळ, वर लगेच बारीक खडी आणि रोलर. हात सैल सुटून डांबर जास्त पडलं असेल तर उन्हाळ्यात ते वर येऊन रस्ता काळा, गुळगुळीत, निसरडा होतो. तेव्हा खरवडत बसू नये. ऊन तापलेलं असतानाच कोरडी बारीक खडी पसरून दाबून घ्यावी.