नाव घेतल्याशिवाय

एप्रिल 2023 मध्ये आमच्या घरातलं लाकडी उलथणं तीन आठवडे बेपत्ता होतं. एका रविवारी नवरा पोहे परतायला उभा राहिला आणि स्टीलच्या झाऱ्याने त्याने पोह्यांचा पार लगदा केला, तेव्हा मला कबूल करावं लागलं, की उलथणं माझ्या प्रचाराच्या पिशवीत आहे.

इंग्लंडमध्ये दारोदार पत्रकं वाटलेल्या माणसाला हे लगेच कळेल. इथे दाराला पत्रं टाकायची फट असते, पण ती कुठे असेल याचा नेम नाही. कुठे छातीच्या उंचीवर, तर कुठे थेट घोट्यापाशी, म्हणजे प्रत्येक घरापुढे साष्टांग नमस्कार. फटीला आतून दाट ब्रश, वर कडक स्प्रिंगची झडप, आणि झडपेपलीकडे दबा धरून बसलेला कुत्रा. पातळ कागद ब्रशला लागून दुमडतो, म्हणून बोटं आत घालावी लागतात आणि तिथेच घात होतो. उलथण्यावर पत्रक ठेवून ढकललं की कागद आत, बोटं बाहेर. आमच्या उलथण्याच्या टोकावर आता एका टेरिअरच्या दातांचे चार ठसे आहेत. पोह्यांना त्याने काही फरक पडत नाही.

मी उभी राहिले होते जिल्हा कौन्सिलला, सफोकमधल्या एका खेड्यांच्या वॉर्डातून. पक्ष सांगत नाही, नाहीतर लेख बाजूला राहील. सुरुवातीला मला सांगण्यात आलं होतं, की फक्त नाव द्या, बाकी काही करावं लागणार नाही. अशा उमेदवाराला इथे ‘कागदी’ म्हणतात. अनामत रक्कम नाही, अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथे राहतात, त्यांना स्थानिक निवडणुकीत मत देता येतं आणि कायम वास्तव्याची परवानगी असेल तर उभंही राहता येतं. म्हणजे माझ्या भारतीय पासपोर्टची अडचण नव्हती. वाईला फोन करून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, इथल्या नगरपालिकेत कधी मत दिलं नाहीस, आणि तिकडे नगरसेविका?” कागदी उमेदवार म्हणून मी जेमतेम एक आठवडा टिकले. आपलं नाव छापलेला कागद हातात आला की तो वाटल्याशिवाय राहवत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

त्यात शेवंती. आमची काळी लॅब्रॅडॉर, तेव्हा चौदा महिन्यांची. शिकारी घराण्यातलं पिल्लू. आमच्या घरात बंदूक कोणी हातातसुद्धा धरलेली नाही, पण फिरायला नेताना ही मला अख्ख्या गल्लीतून ओढत न्यायची. ते पाहून शेजारच्या आजोबांनी सांगितलं, की या जातीला लाड नकोत, काम द्या. म्हणून दर शनिवारी सकाळी नऊ वाजता एका शेतावरच्या गनडॉग वर्गात आमचं नाव घातलं. गोळी लागून पडलेला पक्षी शोधायचा, अलगद तोंडात धरायचा आणि मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे या कुत्र्यांचं काम. शिकताना पक्ष्याऐवजी डमी असते, जाड कॅनव्हासची, साधारण अर्ध्या किलोची. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी नावाला हरकत घेतली. शेवंती फार लांब, एका श्वासात हाक मारता आली पाहिजे. म्हणून ‘शेव’. सफोकच्या शेतात मी “शेव!” असं ओरडले की मला फरसाणाची बरणी दिसायची आणि बाकीच्यांना वाटायचं ही बाई कुणाला तरी दाढी करायला सांगते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे सगळं शिक्षण आणण्याचं आहे. आणणं लॅब्रॅडॉरला जन्मतःच येतं. आमच्या दारात पडलेलं विरोधी उमेदवाराचं पत्रक शेवने मला एक सुरकुती न पाडता आणून दिलं होतं. (माझं स्वतःचं तिने फाडलं. त्याचा अर्थ मी लावत नाही.) खरं शिक्षण थांबण्याचं. डमी हवेतून जाते, गवतात धप्पकन पडते, कुत्र्याचं अंग थरथरत असतं, आणि त्याने बसून राहायचं. शेजारी आणखी पाच कुत्री बसलेली. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानेच जायचं. नावाआधी सुटलं की स्पर्धेतून बाद. आमच्याकडे नव्या जोडप्याला बहिणी दारात अडवतात ना, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून? अगदी तसं. फक्त इथे उखाणा मालकाने घ्यायचा आणि उंबरठा कुत्र्याने ओलांडायचा.

हे अंगी बाणावं म्हणून बाईंची एक सक्त ताकीद होती. दहा डमी फेकल्या तर सहा-सात आपण स्वतः चालत जाऊन उचलून आणायच्या. पडलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी नसते, हे कुत्र्याला कळायला हवं. शनिवारी नऊ ते दहा मी चिखलात डमी गोळा करायचे, कुत्री बसून बघायची. साडेदहाला तेच बूट घालून पत्रकं वाटायला. आठवड्यात धड चालली नाही ती फक्त शेव.

घरचा कारभार नवऱ्याने सांभाळला, कुरकुर करत का होईना. त्याची मुख्य तक्रार शिट्टीबद्दल होती. गनडॉगच्या शिट्ट्या बर्मिंगहॅमला बनतात, जोसेफ हडसनने 1870 मध्ये काढलेल्या कारखान्यात. प्रत्येक शिट्टीचा सूर क्रमांकानुसार ठरलेला. लॅब्रॅडॉरवाले बहुधा 211.5 वापरतात, म्हणजे एक हरवली तरी दुसरी तशीच मिळते. एक लांब शिट्टी म्हणजे असशील तिथे बस. तुटक छोट्या म्हणजे परत ये. हे शेवच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि मग एका संध्याकाळी कुकर झाला. पहिली शिट्टी लांबलचक. शेव ओट्यासमोर धप्पकन बसली आणि कुकरकडे नजर लावून राहिली. दुसरी झाली, तिसरी झाली. ती जागची हलेना. मी दारोदार फिरून आठला घरी आले, तर नवरा वरणाची वाटी घेऊन तिला ओलांडायच्या प्रयत्नात होता. “हिला सोडव,” तो म्हणाला, “मी सांगून उठत नाही. माझं नाव उमेदवार यादीत नाही.”

लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिने वेगळंच शिकून घेतलं होतं. जेवायला बोलावलं तरी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. “चला गं जेवायला” चालायचं नाही, तिचं नाव घ्यावं लागायचं. पहिले दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवशी फोनवर वॉर्डातल्या कुणाशी तरी बोलता बोलता मी हाताने नुसतं ‘ये’ असं खुणावलं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर ती तिथेच.

दारोदार काय बोलायचे लोक? खड्डे. शंभरातल्या नव्वदांना खड्ड्यांबद्दल बोलायचं होतं, आणि रस्ते जिल्हा कौन्सिलकडे नाहीत, ते काउंटीकडे, म्हणजे अख्ख्या सफोकच्या वरच्या कौन्सिलकडे. आमच्याकडे कचऱ्याचे डबे आणि बांधकामाच्या परवानग्या. हे दारात उभं राहून समजावून सांगणारा उमेदवार निवडून येत नाही, हे मी लिहून देते. शेव बरोबर असली की मात्र दारं सताड उघडायची. लोक तिच्याशी पाच मिनिटं बोलायचे आणि निघताना माझ्याकडे बघून म्हणायचे, “आणि तुम्ही?”

मतदान 4 मे, गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा. इंग्लंडभर सगळीकडे स्थानिक निवडणुकीला ओळखपत्र दाखवायची ती पहिलीच वेळ, त्यामुळे गावच्या हॉलबाहेर म्हातारी माणसं बसचा पास काढून ठेवत होती. तो चालतो. दोन दिवसांनी राजाचा राज्याभिषेक, म्हणून मतपेटीच्या डोक्यावर झेंड्यांच्या पताका लावलेल्या. दाराशी टेलर बसतात. शिंपी नव्हे, आत जाणाऱ्याचा मतदार क्रमांक टिपून घेणारे पक्षाचे लोक. माझ्या शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या रंगाचा बिल्ला लावून कोण बसलं असेल? शनिवारच्या वर्गातले स्पॅनिएलवाले गृहस्थ. सहा महिने आम्ही एका रांगेत उभे होतो आणि दोघांनाही एकमेकांचा पक्ष माहीत नव्हता. दुपारभर आम्ही त्यांचा स्पॅनिएल डमी चावून घट्ट धरतो यावरच बोललो. त्यांनी थर्मासमधला चहा दिला, मी त्यांना चकल्या दिल्या.

शुक्रवारी मोजणी झाली. मिड सफोकमध्ये, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, 34 पैकी 24 जागा हरित पक्षाने जिंकल्या. हरित पक्षाचं असं स्पष्ट बहुमत त्याआधी देशातल्या कुठल्याच कौन्सिलमध्ये नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी राजाच्या बातम्यांच्या गर्दीतूनही आमच्या जिल्ह्याचं नाव ऐकू आलं. मी पडले. वाईट वाटलं, पण साडेतीन तास तिथे उभं राहून पाय इतके दुखत होते, की आधी बसावंसं वाटलं.

घरात पत्रकांचे तीन गठ्ठे उरले होते. लेकीने त्यातली मूठभर गुंडाळली, बापाच्या जुन्या मोज्यात कोंबली, तोंडाशी गाठ मारली. झकास डमी झाली. संध्याकाळी बागेत तिने ती कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत भिरकावली. शेव बसून राहिली. कान उभे, शेपूट गवतावर आपटत होती. एवढ्यात माझा फोन वाजला, मी हरल्याबद्दल आईला कसं सांगावं ते जुळवत बोलायला लागले, आणि शेव तशीच बसलेली.

“शेव!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याने हाक दिली.

ती सुटली, मोजा उचलला, माझ्या समोरून गेली आणि थेट आत जाऊन त्याच्या हातात ठेवला. त्याच्या दुसऱ्या हातात उलथणं होतं.