जुनी रेमिंग्टन ११०० घेताना फोरएंड काढून बघाच

शेवटी घेतली बंदूक. चार महिने शोधत होतो. दोन वर्षं झाली इथे ओहायोत क्लबात ट्रॅप शूटिंग करतोय, म्हणजे मातीच्या थाळ्या हवेत उडतात आणि त्या फोडायच्या, एका राउंडला २५, आणि इतके दिवस क्लबातल्या एका आजोबांची बंदूक उसनी घेऊन चालवत होतो, ते कधी नाही म्हणाले नाहीत पण दर शनिवारी मागायला मलाच बरं वाटेना. घरी फोनवर सांगितलं तर आई घाबरली, बाबा म्हणाले अगं आजोबांकडे पण होतीच की. होतीच, आमच्या कुडाळकडच्या घरी ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या लायसन्सवरची, बागेतली डुकरं आणि माकडं हाकलायला. निवडणूक लागली की आजोबा ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे, ते मला अजून आठवतं.

मला सेमी ऑटोमॅटिकच, म्हणजे प्रत्येक बारानंतर नवीन काडतूस आपोआप आत घेणारी, हवी होती कारण खांद्याला धक्का कमी बसतो आणि एका दिवसात शंभर बार काढायचे तर तो फरक संध्याकाळी कळतो. रेमिंग्टन ११०० हे मॉडेल १९६३ साली आलं, चाळीस लाखांच्या वर बंदुका बनल्या, त्यामुळे सेकंडहँड भरपूर मिळतात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा रेमिंग्टनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला तरी पार्ट मिळायची अडचण नाही.

पण जुनी दुनळी बघणं वेगळं आणि हे वेगळं. दुनळी मोडून उघडली की बरंचसं समोर दिसतं. इथे बार उडाला की बॅरलच्या खालच्या बारीक भोकांतून थोडा गॅस बाहेर येतो, तो पिस्टनला मागे ढकलतो, मग बोल्ट (काडतुसामागचा सरकता तुकडा) उघडतो, रिकामं काडतूस बाहेर आणि नवीन आत. हे सगळं पुढच्या लाकडाखाली, म्हणजे फोरएंडखाली लपलेलं असतं. दारूची काजळी तिथेच साठते, पावसात नेली तर पाणी तिथेच मुरतं. वरून कितीही चकाचक असू दे.

पहिली बघितली ती एका दुकानात, ६५० डॉलर, लाकूड आरशासारखं, ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, जसंच्या तसं. मी खरंच खूश झालो होतो. आधी बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघून बोटानेही चाचपलं (हे दुकानदाराने केलेलं असलं तरी आपण परत करायचंच) आणि म्हटलं जरा फोरएंड काढून बघू का? तो म्हणाला काय गरज आहे, चालते व्यवस्थित. मी परत विचारलं तेव्हा नाखुशीने काढला. आत मॅगझिन ट्यूबवर, म्हणजे बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीवर, गंज, नुसता वरचा लाल गंज नाही, खड्डे पडलेले. पिस्टन त्याच ट्यूबवर पुढेमागे सरकतो, तिथे खड्डे म्हणजे संपलंच. फोरएंडला आतून एक चीरही होती, या मॉडेलचं ते नेहमीचं दुखणं आहे. आभार मानले आणि निघालो.

दुसरी एका रिटायर्ड माणसाची. दस्त्यावर ओरखडे, रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात असतो त्या मधल्या धातूच्या भागाचा, रंग हात लागून लागून उडालेला. मी काही बोलायच्या आत त्यानेच टेबलावर टॉवेल पसरून बंदूक सुटी केली, आणि माझं अर्धं मन तिथेच झालं. ट्यूब स्वच्छ, फोरएंड अखंड. बॅरल उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितली, आत कुठे काळसर गोल रिंग दिसली तर समजायचं बॅरल फुगलेली आहे, तशी काही नव्हती. मग नंबर बघितले. सीरियलच्या शेवटी व्ही असेल तर साधी बारा बोअर, पावणेतीन इंची काडतुसाची, एम असेल तर तीन इंची मॅग्नम. हे बघायचंच, कारण बॅरल सहज बदलता येते, मॅग्नमची बॅरल साध्या रिसीव्हरला लावून विकणारे भेटतात आणि मॅग्नमच्या बॅरलची गॅसची भोकं लहान, त्यात ट्रॅपची हलकी काडतुसं लावली की बंदूक अडकत बसते. बॅरलवर डाव्या बाजूला तारखेची अक्षरं असतात, त्यातलं महिन्याचं अक्षर "ब्लॅकपावडरएक्स" (BLACKPOWDERX) या शब्दावरून काढायचं, बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, असं बारा अक्षरांचे बारा महिने. माझ्या बॅरलवर के आहे, म्हणजे मे. मला हे फार आवडलं. मात्र ही तारीख बॅरलची, पूर्ण बंदुकीची असेलच असं नाही.

चोक (बॅरलच्या तोंडाशी छर्रे किती पसरतील ते ठरवणारा निमुळता भाग) फिक्स्ड आहे, मॉडिफाइड म्हणजे मध्यम, बदलता येणारे चोक १९८६ पासूनचे, मला सोळा यार्डाच्या ट्रॅपला चालतो. दस्ता कोणी कापून आखूड केलाय का तेही बघा, खांद्याला लावूनच कळतं.

४७५ ला ठरलं. व्यवहार मी लायसन्सवाल्या डीलरकडे जाऊन केला, ४४७३ नंबरचा फॉर्म, बॅकग्राउंड चेक, सगळं रीतसर. माझं ग्रीन कार्ड आहे. एच-वन-बी वर असलेल्यांनी आधी कायदा नीट वाचा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक घेणं किंवा जवळ ठेवणं साधारणपणे गुन्हा आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर.

पहिल्याच शनिवारी नवव्या बाराला रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकलं. पोटात गोळा आला. क्लबातल्या आजोबांनी बंदूक रिकामी करून फोरएंड काढला आणि ट्यूबवरची काळी रबरी रिंग नखाने दाबून दाखवली, कडक होऊन तडकली होती. तिथून गॅस निसटतो आणि पिस्टनला जोर मिळत नाही. दोन-तीन डॉलरची रिंग. घरी आणून ती बदलली, गॅसची भोकं काजळीने बुजत आली होती ती साफ केली, आणि पुढच्या वेळी पन्नास बार न अडकता झाले. आता बॅगेत तीन रिंगा जास्तीच्या असतात.

एक काम राहिलंय. बोल्ट परत पुढे आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत नळीत असते, तिथेही गंज धरतो. मागच्या मालकाला विचारलं तर त्याने ती कधीच काढली नव्हती. येत्या रविवारी आजोबांच्या गॅरेजमध्ये दस्ता काढून बघणार आहोत.