परिषद शोधताना ‘गोवा’ हा शब्द टाकू नका

‘पेट्रोलियम रिफायनिंग’, ‘कॉन्फरन्स’ आणि ‘गोवा’ हे शब्द एकत्र टाकून शोध घेतला, ही माझी पहिली चूक. पडद्यावर परिषदांची रांगच लागली. पणजीत एक, कळंगुटला एक, नुसतं ‘गोवा, भारत’ एवढाच पत्ता असलेल्या चार-पाच. ज्या राज्यात एकही रिफायनरी नाही, तिथे महिन्याआड रिफायनिंगवर आंतरराष्ट्रीय परिषद! शंका तेव्हाच यायला हवी होती. आली नाही, आणि तीन आठवडे वाया गेले. ज्यांना हाच शोध घ्यायचाय त्यांचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

काम तसं आटोपशीर होतं. डिलेड कोकर म्हणजे तेलाचा जड गाळ तापवून त्यातून हलकी तेलं आणि कोक (घट्ट कार्बन) काढणारं रिफायनरीतलं युनिट. त्याच्या हीटरमध्ये नळ्यांना आतून कोक धरतो, नळीच्या धातूचं तापमान चढत जातं आणि मर्यादा गाठली की नळ्या साफ कराव्याच लागतात. यावर कोणी काय काम केलंय ते गोळा करायचं आणि या विषयातली माणसं जिथे जमतात अशी एखादी परिषद गाठायची.

जर्नलांचा भाग दोन दुपारींत उरकला. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय. केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं त्यातून वाचता येतात. आपल्याकडे गोव्यात ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ, फर्मागुढीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, कुंकळ्ळीची एनआयटी अशा सरकारी संस्थांसाठी ही योजना आहे; खासगी संस्था पहिल्या टप्प्यात धरलेल्या नाहीत. बाहेरच्या माणसाने ग्रंथपालांना रीतसर पत्र द्यावं, तिथेच बसून वाचण्याची परवानगी मागावी. ‘एनर्जी अँड फ्युएल्स’, ‘फ्युएल’ आणि ‘इंडस्ट्रियल अँड इंजिनियरिंग केमिस्ट्री रिसर्च’ या तिघांत माझं बरंच काम झालं.

शोधशब्दांचं तेवढं सांभाळा. प्राध्यापक मंडळी ‘फाउलिंग’ (थर साचणं) किंवा ‘कोक डिपॉझिशन’ लिहितात. प्लांटवरचा माणूस ‘रन लेंग्थ’ (दोन साफसफायांमधला काळ), ‘स्पॉलिंग’ (नळ्यांना तापमानाचे धक्के देऊन कोक उडवणं), ‘पिगिंग’ (नळीतून खरवडणारे गोळे ढकलणं) लिहितो. दुखणं एकच, पण एका नावाने शोधलं की दुसरा गठ्ठा दिसतच नाही.

आणि खरी अडचण अशी की जर्नलात प्रयोगशाळा असते, प्लांट नसतो. डिसॉल्टरमधून (कच्च्या तेलातलं मीठ काढणारं यंत्र) सोडियम निसटलं आणि हीटर अर्ध्या वेळात भरला, नळ्यांत सोडलेली वाफ वाढवल्यावर प्रवाहाचा वेग वाढला पण पुढे फ्रॅक्शनेटरवर (तेलाचे घटक वेगळे करणारा मनोरा) ताण आला, पिगिंग करताना बेंडपाशी कोक राहून गेला, असलं सगळं परिषदांत बोललं जातं आणि तिथल्याच कागदांत राहतं. म्हणून परिषद हवी.

तर आता त्या सूच्यांविषयी.

परिषदांच्या याद्या देणारी बरीच संकेतस्थळं आहेत. रचना सगळ्यांची सारखी: विषय निवडा, शहर निवडा, महिना निवडा, परिषद तयार. त्यातली एक मला अगदी मनासारखी वाटली. नावात ‘पेट्रोलियम’ होतं, ‘रिफायनिंग’ होतं, ‘पेट्रोकेमिकल्स’ही होतं. ठिकाण उत्तर गोव्यातलं एक नावाजलेलं हॉटेल. तीनशे शब्दांचा सारांश पाठवला. दुसऱ्याच दिवशी स्वीकृतीपत्र हजर! त्यात माझ्या सारांशातल्या एका वाक्याचाही उल्लेख नव्हता, पण ‘तज्ज्ञ समितीने परीक्षण केले’ हे मात्र ठळक अक्षरांत. खाली शुल्काचा तक्ता, आणि सात दिवसांत भरल्यास सवलत.

पैसे भरले नाहीत, त्याचं श्रेय हॉटेलच्या बँक्वेट विभागाला. त्या तारखेला हॉल कोणाच्या नावावर आहे एवढं विचारायला फोन केला, तर हॉल लग्नासाठी दिलेला होता. परिषदेचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. गोव्यात राहण्याचा हा एक फायदा. दिल्लीच्या किंवा कोटाच्या माणसाला विमानाचं तिकीट काढून जे कळतं, ते आपल्याला एका फोनमध्ये कळतं. फोनवर दाद दिली नाही तर स्कूटर काढून जाऊन यावं.

त्यानंतर चिडून त्या सगळ्याच याद्या तपासत बसलो. खोटी परिषद ओळखायच्या ज्या खुणा हाती लागल्या त्या देतो. क्रम महत्त्वाचा नाही. एक सापडली की पुढच्या बघायची गरज उरत नाही.

सगळ्यात झटपट चाचणी म्हणजे परिषदेच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात (यूआरएल) किंवा नावात ‘पेट्रोलियम रिफायनिंग’ काढून ‘नर्सिंग’ किंवा ‘मधमाशीपालन’ घालायचं. तीच तारीख, तेच शहर, तोच मजकूर घेऊन दुसरी परिषद उभी राहिली तर समजून जा. विषयांची नावं यंत्राने ओतलेली असतात.

समितीची यादी वाचा. रिफायनिंगच्या खऱ्या परिषदेच्या समितीत रिफायनरी चालवणाऱ्या कंपन्या, प्रक्रियेचे परवाने देणाऱ्या कंपन्या आणि कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) विकणारे यांची माणसं हुद्द्यासकट असतात, कारण विषय ठरवतात तेच आणि प्रायोजकही तेच. खोट्या यादीत असंबद्ध विषयांचे प्राध्यापक असतात, आणि त्यातल्या काहींना आपलं नाव तिथे आहे याचा पत्ताही नसतो. एखाद्याला ई-मेल करून विचारावं. मी विचारलं, आणि उत्तर आलं ते संतापाचंच होतं.

गेल्या वर्षीचा कार्यक्रम मागा. कोणत्या दालनात, किती वाजता, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणता पेपर, असं वेळापत्रक खऱ्या परिषदेला असतंच. फोटोंचा अल्बम चालणार नाही. व्यासपीठ, समई आणि पुष्पगुच्छ कुठलेही असू शकतात.

शुल्काच्या तक्त्यात ‘लिसनर’ हा वर्ग दिसला की कान टवकारा. उद्योगाच्या परिषदेत ‘डेलिगेट’ असतो. बिल मागितल्यावर त्यावर जीएसटी क्रमांक आहे का पाहा आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाका. पहिले दोन आकडे राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. बाहेरच्या राज्याचा क्रमांक असणं म्हणजे लबाडी नव्हे. पण त्या क्रमांकामागे भलत्याच धंद्याचं दुकान निघालं किंवा खातं एखाद्या व्यक्तीच्या नावावर असलं, तर तिथेच थांबा. तुमच्या कंपनीचा लेखा विभाग नंतर हेच विचारणार आहे, आणि तुमच्यापेक्षा कमी सौजन्याने.

महिनाही बोलतो. नाताळ ते नववर्ष या काळात गोव्यातल्या चांगल्या हॉटेलात परिषदेसाठी हॉल मिळवणं किती महाग पडतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्या आठवड्यात कोणी दोन दिवसांचं रिफायनिंगचं तांत्रिक सत्र भरवत असेल, तर ते कागदावरच भरतंय. दोन वर्षांनंतरची तारीख आणि ‘स्थळ नंतर कळवू’ हे दोन्ही एकत्र आलं तर तेही त्याच पंगतीतलं.

पण या सगळ्या खुणांपेक्षा उपयोगी पडलेली गोष्ट फार उशिरा लक्षात आली. तुम्ही शोधपेटीत जे शब्द टाकता, अगदी तेच जिच्या नावात आहेत ती परिषद बहुधा तुमच्या शोधासाठीच रचलेली असते. खऱ्या परिषदांची नावं जुनी, वाकडीतिकडी आणि इतिहासाचं ओझं वाहणारी असतात. त्यामुळे त्या शोधात वर येत नाहीत.

आपल्या देशातलंच बघा. पेट्रोलियम मंत्रालयाखालचं सेंटर फॉर हाय टेक्नॉलॉजी तेल कंपन्यांच्या साथीने जे संमेलन भरवतं, ते पूर्वी ‘रिफायनरी टेक्नॉलॉजी मीट’ होतं. मग त्यात पेट्रोकेमिकल्स शिरलं, आणि आता ते ‘एनर्जी टेक्नॉलॉजी मीट’ आहे. जुन्या नावाने शोधाल तर परिषद बंद पडली असं वाटेल. नव्या नावाने शोधाल तर सौरऊर्जेवाले सापडतील. भारतातल्या रिफायनऱ्यांचे आणि त्यांच्या संशोधन केंद्रांचे लोक एका छताखाली बघायचे तर हेच ठिकाण. संस्थेच्या नावाने शोधा, संमेलनाच्या नाही.

आणि गोव्यात खरोखर भरलेली मोठी परिषद? तिच्या नावात ना रिफायनिंग, ना पेट्रोलियम. ‘इंडिया एनर्जी वीक’. पहिली २०२३ मध्ये बंगळुरूला झाली, दुसरी ६ ते ९ फेब्रुवारी २०२४ ला बेतूलच्या ओएनजीसी संस्थेत, २०२५ ची दिल्लीला, आणि २७ ते ३० जानेवारी २०२६ ची पुन्हा बेतूलला. माझ्या यादीत ती तळाशी होती, आणि वरच्या दहा जागा न होणाऱ्या परिषदांनी अडवलेल्या. तिथे प्रदर्शन पाहण्याची नोंदणी वेगळी आणि परिषदेचा प्रतिनिधी पास वेगळा, हे आधी नीट वाचा. तांत्रिक सत्रांसाठी सारांश काही महिने आधीच मागवतात. वर्तमानपत्रात मंत्र्यांची नावं झळकू लागली की तो दरवाजा कधीच बंद झालेला असतो. बेतूल मडगावहून असोळण्यामार्गे वीसेक किलोमीटर, पण परिषदेच्या दिवसांत त्या अरुंद रस्त्यावर स्वतःची गाडी घालण्यापेक्षा आयोजकांच्या बसने गेलेलं बरं.

कोकरपुरतं बोलायचं तर रेफकॉम. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला भरते. कोकर, एफसीसी (उत्प्रेरकाने जड तेल तोडणारं युनिट) असे युनिटवार विषय, आणि बोलणारे बहुतेक प्रत्यक्ष चालवणारे. जायला जमलं नाही तरी जुनी सादरीकरणं जरूर चाळा. युरोपात नोव्हेंबरच्या सुमाराला ‘युरोपियन रिफायनिंग टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स’ असते. तिच्या नावात रिफायनिंग आहे, म्हणजे माझ्या नियमाला हा अपवाद. गंजाचा प्रश्न असेल, म्हणजे क्रूड कॉलमच्या (कच्च्या तेलाचे घटक वेगळे करणारा मनोरा) माथ्यावरचं क्लोराइड किंवा गरम सल्फरने नळ्या पातळ होणं, तर रिफायनिंगच्या परिषदा सोडून गंजवाल्यांकडे जावं: आपल्याकडे कॉर्कॉन ही गंजावरची परिषद, बाहेर एएमपीपीची. एएमपीपी ही २०२१ मध्ये नेस (NACE) आणि एसएसपीसी (SSPC) या संस्था एकत्र येऊन झालेली संस्था, म्हणून जुने पेपर ‘नेस’ नावानेच शोधा.

हे आधीच सांगायला हवं होतं: वनपेट्रो या पेपरांच्या ऑनलाइन साठ्यावर वेळ घालवू नका. नावात पेट्रो असलं तरी तो साठा मुख्यतः विहिरी, जलाशय आणि ड्रिलिंगवाल्यांचा आहे. मी तिथे ‘कोकर’ टाकून अर्धा दिवस घालवला.

अमेरिकेतल्या एएफपीएम (AFPM) या रिफायनरी कंपन्यांच्या संघटनेचे पेपर हा सगळ्यात हट्टी प्रकार. लेखांच्या शेवटी संदर्भात ‘एएम’, मग वर्षाचे दोन आकडे, मग क्रमांक असं काहीतरी दिसतं. एएम म्हणजे वार्षिक सभा. त्याला डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) नसतो, गूगल स्कॉलरवर असला तर फक्त दुसऱ्याने दिलेला उल्लेख असतो, आणि ‘वन नेशन’मध्ये तर तो नाहीच, कारण हे जर्नल नव्हे. त्यात आणखी मेख म्हणजे २०१२ पर्यंत या संस्थेचं नाव एनपीआरए (NPRA) होतं. तेव्हा २००९ चा पेपर एएफपीएम म्हणून शोधला तर हाती काही लागणार नाही.

इथे दोन वाटा चालल्या. एक, पेपरच्या नावाऐवजी लेखकांची आडनावं आणि कंपनीचं नाव टाकायचं. परवाने देणाऱ्या आणि कॅटॅलिस्ट विकणाऱ्या कंपन्या आपले पेपर स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात; त्यांच्यासाठी ती जाहिरातच असते. त्यामुळे वाचताना सावध राहा, आकडे नेहमी त्यांच्याच मालाच्या बाजूने झुकलेले असतात. दोन, तोच मजकूर थोड्या महिन्यांनी, मथळा बदलून, पेट्रोलियम टेक्नॉलॉजी क्वार्टर्ली किंवा हायड्रोकार्बन प्रोसेसिंग या नियतकालिकांत येतो का ते बघायचं. पहिल्याचे बरेच लेख डिजिटल रिफायनिंग या संकेतस्थळावर पैसे न देता वाचता येतात.

दोन्ही वाटा खुंटल्या तर पेटंट. वर्गीकरणाचा क्रमांक रोमन अक्षरांत टाका. सी१०जी (C10G) हा हायड्रोकार्बन तेलांच्या प्रक्रियेचा वर्ग: त्यात ९ म्हणजे उष्णतेने भंजन, ११ म्हणजे उत्प्रेरकाने, ४५ हायड्रोट्रीटिंग (हायड्रोजनने शुद्धीकरण), ४७ हायड्रोक्रॅकिंग (हायड्रोजनसोबत भंजन). कोकिंग मात्र फक्त यात शोधू नका, ते मुख्यतः सी१०बी ५५ मध्ये आहे. पेटंटाच्या सुरुवातीला जुन्या पद्धतींत काय चुकतं याचं जे रडगाणं असतं, ते कित्येकदा परिषदेच्या पेपरपेक्षा स्पष्ट असतं.

त्या पहिल्या परिषदेकडून अजून स्मरणपत्रं येतात. सवलतीची मुदत दर आठवड्याला वाढते आहे. ताज्या पत्रात ठिकाण गोव्याऐवजी कोची झालंय, तारीख तीच आहे.