हर्णै बंदरावरचा बर्फ

मधुमेहाच्या एका अभ्यासासाठी आम्ही दापोली तालुक्यातल्या गावागावांत रक्ताचे नमुने घेतो, मी टेक्निशियन आहे. त्या दिवशी हर्णैजवळच्या एका शाळेत कॅम्प होता आणि आदल्या रात्री परतीच्या पावसात लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, त्यामुळे फ्रीजरमधले आइसपॅक सगळे पाणी पाणी झालेले. बाहेर नऊ माणसं उपाशीपोटी बसलेली.

नुसती शुगर असती तर चाललं असतं हो, पण आम्हाला मोजायचं होतं जीएलपी-१, जेवल्यावर आतड्यातून सुटतं आणि मेंदूला सांगतं की पोट भरलं, ते हार्मोन. ३० अमिनो आम्लांची एवढीशी साखळी. रक्तातलं डीपीपी-४ नावाचं एन्झाइम तिच्या टोकाची फक्त २ आम्लं कापतं आणि हार्मोन निकामी, अंगात तर साधारण २ मिनिटांत निम्मं संपतं. रक्त ट्यूबमध्ये आलं तरी एन्झाइमची कापाकापी चालूच राहते.

मग स्कूटर काढली, थर्माकोलचा बॉक्स घेतला आणि थेट बंदरावर. तिथे एक मावशी बांगड्यांवर बर्फ पसरत होत्या, त्यांना कशाला हवाय ते सांगितलं तर म्हणाल्या, "अगो, बांगडा बर्फाशिवाय ठेवला तर त्याचं पोट आतूनच फुटतं, तुझ्या रक्ताचं पण तसंच काय?" अगदी तसंच! मासा मेला तरी त्याच्या पोटातली पचवणारी एन्झाइमं त्यालाच खात सुटतात. मी इतकी वर्षं लोकांना हे समजावतेय पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. पैसे घेतलेच नाहीत त्यांनी.

पण बर्फाने एन्झाइम मंदावतं, थांबत नाही. म्हणून रक्त घ्यायच्या आधीच ट्यूबमध्ये डीपीपी-४ ला अडवणारं औषध घालायचं, मधुमेहाच्या ग्लिप्टिन गोळ्या अंगात हेच काम करतात. औषध घातलं की झाकणावर मी हिरवा ठिपका काढते.

सगळं नीट चाललेलं, रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं सेंट्रिफ्यूज शाळेच्या इन्व्हर्टरवर, त्याचे कपसुद्धा बर्फात गार केलेले, आणि ट्यूबा लावताना बघते तर एकीवर ठिपकाच नाही. घाईत माझ्याकडून राहिलं होतं. आता औषध घालून काय उपयोग, कापलं गेलेलं परत जोडता येत नाही, आणि दुसरं रक्त घ्यावं तर नाश्त्यानंतरच्या अर्ध्या तासाची वेळ केव्हाच टळलेली.

ती ट्यूब ज्या बाईंची होती त्यांच्याजवळ जाऊन खरं ते सांगितलं, चूक माझी आहे, तुम्हाला पुन्हा एकदा उपाशी यावं लागेल. त्यांना कोळंबी सोलायच्या कामावर जायचं होतं, अर्धा रोज आधीच बुडाला होता. जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "गुरुवारी येते, पण पहिला नंबर माझा लाव."

गुरुवारी मी ट्यूब आधी त्यांच्या हातात दिली, हिरवा ठिपका दाखवला आणि मगच सुई लावली.