कातळातल्या पाण्याचं मॉडेल करताना: माझा अनुभव

गावच्या पिण्याच्या विहिरीत नायट्रेट वाढलं होतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, विहीर तिच्या बरीच वर. वरच्या शेतांत खत कमी केलं तर ते कधी उतरेल, हे मला मॉडेल करून सांगायचं होतं.

खडक दख्खनचा बेसाल्ट. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, खाली काळा पाषाण. पाषाणाच्या अंगातून पाणी जवळजवळ वाहतच नाही. ते वाहतं भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून. सुरुवात साधी ठेवली. सगळा खडक सलग सच्छिद्र धरला आणि भूजलाचा प्रवाह काढणारं मॉडफ्लो हे सॉफ्टवेअर चालवलं. विहिरींच्या पातळ्या सुरेख जुळल्या. आमच्या मॅडम म्हणाल्या, "पातळीनं समाधान मानू नकोस. वेग मिठाला विचार."

त्याचं कारण हिशोबातच आहे. प्रवाह स्थिर असला की पातळीत सच्छिद्रतेचा, म्हणजे खडकातल्या पोकळीच्या प्रमाणाचा, काही वाटा नसतो. वेग मात्र प्रवाहाला सच्छिद्रतेनं भागून येतो. सच्छिद्रता 2 टक्के धरा नाहीतर फक्त भेगांची म्हणून 0.1 टक्का धरा, पातळ्या जागच्या हलत नाहीत आणि पाणी वीसपट लवकर पोचतं. एवढी मोठी गोष्ट पातळीच्या आलेखात दिसतच नाही!

मग वरच्या बोअरमध्ये मिठाचं पाणी सोडलं. द्रावण पातळच हवं, घट्ट असलं तर जड होऊन तळाला जातं. खालच्या विहिरीवर पंप चालू ठेवून पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहिलो, मीठ वाढलं की ती वाढते. मीठ मॉडेलच्या अंदाजाच्या कितीतरी आधी आलं, झटकन शिखराला गेलं आणि नंतर उतरता उतरेना. आलेखाची ही लांब शेपूट मला या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. भेगेतून जाताना मीठ शेजारच्या खडकाच्या बारीक छिद्रांत, तिथल्या साचलेल्या पाण्यात शिरतं. भेगेतलं पाणी गोडं झालं की सावकाश परत बाहेर येतं.

पण वेगवेगळ्या भेगांतून पाणी कमी-जास्त वेगानं आलं तरी शेपूट पडते. दोन्हींतला फरक कळावा म्हणून पंपाचा उपसा बदलून चाचणी पुन्हा घेतली. आलेख वेळेऐवजी उपसलेल्या पाण्यावर काढले. शेपूट नुसत्या वेगांच्या फरकाची असती तर दोन्ही आलेख एकमेकांवर बसले असते. ते बसले नाहीत. तेव्हा एमटीथ्रीडीएमएसमध्ये, म्हणजे पाण्याबरोबर विरघळलेले पदार्थ कसे जातात ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दुहेरी सच्छिद्रता घेतली: एक वाहतं पाणी, एक थांबलेलं, आणि दोघांमधली देवाणघेवाण.

उत्तर गावाला आवडणारं नव्हतं. खत कमी केलं की भेगांतलं पाणी लवकर सुधारेल, पण इतक्या वर्षांत खडकात मुरलेलं नायट्रेट हळूहळू पाझरत राहील. ग्रामपंचायतीत मी एक आकडा दिला नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वर्षं लागतील ते सांगितलं. पावसाळ्यात नायट्रेट कमी दिसलं तर पाणी सुधारलं असं धरू नका, उन्हाळ्यातलं पाणी तपासा, असंही बजावलं. पिण्यासाठी दुसरी विहीर बघायचं त्याच बैठकीत ठरलं.