लांब बीप

दुपारी जुना डेस्कटॉप चालू केला. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. आणि मग लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप.

घरातल्या तरुण मंडळींनी लगेच निदान केलं, "फॉरमॅट मारून टाक." या वाक्याचा मला मनापासून राग आहे. अरे, फॉरमॅटने पुसली जाते हार्ड डिस्क, आणि गाडी अजून तिथपर्यंत पोचलेलीच नाही! बटण दाबल्यावर बायॉस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, आधी हजेरी घेतो: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स. स्क्रीनच उठली नसेल तर तक्रार लिहिणार कुठे? म्हणून बीप. कुठल्या बीपचा काय अर्थ, हे बायॉस बनवणाऱ्यागणिक बदलतं, पण लांब बीप सारखा येत राहिला की माझा हात आधी रॅमकडे जातो.

तो हात मामाचा. मामा वायर काढायचा, मग पॉवरचं बटण उगीचच दाबून धरायचा. उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. कॅबिनेटच्या पत्र्याला बोटं टेकवून झाली की रॅमची पट्टी उपसायची आणि माझ्याकडे हात पुढे. खोडरबर! पांढराच हवा. शाई खोडायची खरखरीत निळी बाजू दाखवली की डोळे वटारायचा, कारण पट्टीच्या कडेच्या पिवळ्या दातांवरचा सोन्याचा मुलामा म्हणजे नुसता नावाला. घासायचं अगदी हळू, एकाच दिशेने. रबराचा चुरा ब्रशने झटकायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. पट्टी दाबली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ टक्‌ बसत. त्या आवाजासाठी मी गृहपाठ सोडून बसायचो.

हल्लीच्या कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते. बिघडले की तोंडातून अक्षर काढत नाहीत, फार तर एखादा दिवा मिचकावतात. असा अबोला मला झेपत नाही.

आमच्या म्हाताऱ्या डेस्कटॉपची स्मरणशक्ती तेवढी गेली आहे. वीज नसताना तारीख सांभाळणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. वायर काढली की तारीख थेट कित्येक वर्षं मागे, आणि मग ब्राउझर एकही साइट धड उघडत नाही, कारण त्या तारखेला सर्टिफिकेटं जन्मालाच आलेली नसतात. सेल बदलायला हवा, कळतं मला. तोवर एफ-वन दाबतो, आजची तारीख टाकतो. त्यात काय एवढं.